सोबत दिलेले साहित्य : निरंक

शिरूरमध्ये बास्केटबॉल मी आणला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे घडलं त्यात माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच उरतं.

गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. मी पंचायत समितीत क्लार्क होतो. औरंगाबादला कॉलेजात असताना चार वर्षं बास्केटबॉलच्या संघात होतो, म्हणजे संघाच्या बाकावर होतो. बाकावरून खेळ फार नीट दिसतो असं माझं मत आहे, आणि शिरूरमध्ये ते खोडून काढणारं कुणी नव्हतं, कारण तिथं हा खेळ कुणी पाहिलेलाच नव्हता. कचेरीतली दोन टेबलं निर्लेखित झाली होती, म्हणजे कागदोपत्री मेली होती. त्यांच्या फळ्यांचे बोर्ड केले. कड्या लोहारानं घडवून दिल्या. जागा दिली सर्जेरावांनी. बाजारतळामागं त्यांचा मुरमाड तुकडा पडून होता. गावातल्या कुठल्याही समारंभात पहिली खुर्ची त्यांची असायची, आणि स्वतःच्या जागेवर खेळ चालू असला की दुसरी खुर्ची मांडायची गरजच पडत नाही, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. क्लबचा सेक्रेटरी अर्थातच मी झालो.

दोन वर्षांत आम्ही दौंडशी सात सामने खेळलो आणि सातही हरलो. दौंड पडलं रेल्वेचं जंक्शन. तिथं सिमेंटचं मैदान, तिथली माणसं गाड्यांबरोबर देशभर फिरून आलेली. आमचा संघ म्हणजे दोन मास्तर, एक तलाठी, एक शिंपी आणि सातव्या सामन्याआधी मी शोधून काढलेला संपत.

संपत निमोण्याचा. वय वीस, उंची सहा फूट दोन इंच. पहिल्यांदा दिसला तेव्हा बाजारात एका हातानं टेम्पोच्या टपावर कांद्याची पोती चढवत होता. खाली उभा राहून. तिथल्या तिथं त्याला क्लबात घेतला आणि पुढच्या रविवारी पुण्याला जाऊन त्याच्यासाठी कॅनव्हासचे पांढरे बूट आणले. आमच्या संघात क्लबच्या खर्चानं बूट मिळालेला तो पहिला खेळाडू; बाकीचे आपापल्या बुटांत खेळत. आणि ते मी डोळे मिटून नव्हते आणले. दुकानात स्वतः पायात घालून, आरशापुढं चार पावलं चालून, दोनदा उडी मारून पाहिली होती. दुकानदार हसला तरी मी उडी मारली. क्लबच्या कामात मी कधी हयगय केलेली नाही.

आणि एवढं करून संपत खेळेना. म्हणजे खेळायचा, पण तापल्या तव्यावर चालल्यासारखा. धावायचा तो बेतानं, वळायचा तो जपून, आणि उडी म्हणाल तर टाचा जमिनीला चिकटलेल्या. सातव्या सामन्यात त्याचे गुण दोन, तेही चेंडू त्याच्या डोक्यावर आपटून कडीत गेला म्हणून.

संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेलो तेव्हा सर्जेरावांनी विषय काढलाच.

"भाऊसाहेब, औंदा ज्वारी झकास हाय. कडबा ठिवायला जागा न्हाई."

मी तिळगूळ हातात धरून तसाच उभा.

"व्हळीच्या आधल्या ऐतवारी दौंडवाले येत्यात न्हवं? जिकलात, तर जागा तुमची. मी जिता हाय तवर कुणी हात लावायचा न्हाई. हारलात, तर सोमवारी कडबा. मानसानं हारायचं म्हंजी किती? तालुक्यात तोंड दावायला जागा ऱ्हायली न्हाई मला."

त्या दिवसापासून माझी झोप गेली. कचेरीत टिपणी लिहिताना ‘सदर प्रकरणी कडबा’ असं लिहून बसलो. साहेबांनी त्याखाली लाल शाईत प्रश्नचिन्ह काढलं.

एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात आमची चाहते मंडळी रोज संध्याकाळी जमत. आता तिथं एकच विषय निघाला: संपतचं काय करायचं? दौंडच्या क्लबाचे कर्तेधर्ते पोपटराव, रेल्वेत गार्ड. त्यांनी मागं एकदा सहज म्हटलं होतं, की तुमचा तो उंच पोरगा द्या आणि आमचा खंडू घ्या. खंडू म्हणजे दौंडचा जुना नेमबाज. वय बत्तीस, पण लांबून टाकलेला चेंडू कडीला न शिवता आत.

"देऊन टाका," रखमाजी आप्पा म्हणाले. आप्पा बैलबाजारातले दलाल. जनावराची पारख तालुक्यात त्यांच्याइतकी कुणाला नाही, आणि बास्केटबॉलचे नियम त्यांच्याइतके कमी कुणाला ठाऊक नाहीत. "नुस्तं धिप्पाड हाय. औताला जुपलं की बसतंय. असलं जनावर दावणीला ठिवलं की वैरण जाती, दुसरं काय?"

"आप्पा, पोर अजून वाढतंय," मारुतराव म्हणाले. मारुतराव हायस्कुलात ड्रॉइंग शिकवत आणि सामन्यांत पंच म्हणून शिट्टी फुंकत. "दोन वर्षं थांबा."

"अजून वाढतंय? मग शेळ्यांसाठी बाभळीच्या शेंगा पाडायला ठिवा त्याला. आन् दोन वर्सं कुठली आणता मास्तर? कडबा सोमवारी येतोय."

मग किंमत ठरवणं सुरू झालं. एक म्हणाला खंडू अधिक एक चेंडू. दुसरा म्हणाला, अहो, हा पोरगा द्यायचा तर वर आपल्यालाच काहीतरी द्यावं लागेल. तिसऱ्यानं उंचीमागं दर लावून पाहिला. शेवटी माझ्याकडं सगळ्यांनी पाहिलं. मी चहा संपवला, कपबशी बाजूला सारली आणि म्हणालो, "खंडू, एक चेंडू आणि कड्यांच्या दोन जाळ्या." सेक्रेटरीनं अशा वेळी गंभीर राहावं लागतं.

घरी बायकोला, चांगुणाला, सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "अहो, त्या पोराला इचारलं का?"

"काय विचारायचं?"

"हेच. का खेळंना म्हणून."

बायकांना संस्थेचा कारभार कळत नाही असं मी म्हणालो. म्हणजे मनात म्हणालो.

पुढच्या रविवारी पोपटराव माल पाहायला दौंडच्या एसटीनं आले. रखमाजी आप्पांनी सगळी सूत्रं हातात घेतली. संपतला मैदानात दोन फेऱ्या पळवला. पाठीवर थाप मारून दाखवली. "दात बघायचं असलं तर बघा," असंही म्हणाले. संपत बिचारा ओशाळं हसत उभा. आज लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटली नाही. तेव्हा डोळ्यांपुढं कडबा होता.

मग चहा आला आणि संपत नेहमीसारखा मैदानाच्या कडेला जाऊन बसला. सराव झाला की तो तसाच बसायचा. बूट काढायचा आणि तांब्यानं पायांवर पाणी ओतत राहायचा, बराच वेळ. आम्ही त्याला आळस म्हणत असू. पोपटराव चहाचा कप घेऊन त्याच्या शेजारी जाऊन टेकले. काहीतरी बोलले, खाली वाकले, आणि परत आले ते एकदम उतावीळ होऊन.

"ठरलं. खंडू, चेंडू, दोन जाळ्या. कागद करा."

घासाघीस नाही, काही नाही! आप्पांनी मला कोपरानं ढोसलं. "बगितलंत? रेल्वेचा मानूस, शिग्नल न बघता गाडी सोडली." मग पोपटरावांना म्हणाले, "पर एक सांगून ठिवतो. दावं मिळायचं न्हाई."

पोपटरावांना कळेना. तेव्हा आप्पांनी समजावून सांगितलं. बैल विकला तरी त्याच्या गळ्यातलं दावं विकणारा आपल्याकडंच ठेवतो. दावं दिलं की गोठ्याची लक्ष्मी त्याच्यामागं जाते. पिढ्यान्पिढ्यांची रीत आहे. तेव्हा संपत जाईल, पण बूट शिरूरमध्येच राहतील.

"ठेवा की," पोपटराव म्हणाले. "आनंदानं ठेवा." आणि का कोण जाणे, हसले.

जिल्हा संघटनेचा अदलाबदलीचा फॉर्म तीन प्रतींत होता. एका जन्मात मी इतका सुंदर फॉर्म पुन्हा भरलेला नाही. तरी तो दोनदा परत आला. एकदा शिक्का वाकडा म्हणून आणि एकदा ‘खेळाडू सोडण्याचे कारण’ या रकान्यात मी ‘स्थूल मानाने असमाधानकारक’ लिहिलं, तर स्थूल कोण, अशी पृच्छा झाली म्हणून. शेवटचा रकाना होता ‘सोबत दिलेले साहित्य’. तिथं मी ठसठशीत अक्षरात ‘निरंक’ लिहिलं. कचेरीच्या भाषेत निरंक म्हणजे काही नाही. खेळाडूचं म्हणणं लिहायला रकाना नव्हता, म्हणून तेही निरंकच राहिलं.

संपत जाताना बूट धुऊन, वाळवून, वर्तमानपत्रात बांधून घेऊन आला. माझ्या टेबलावर ठेवले. "भाऊसाहेब, येतो," म्हणाला आणि अनवाणी एसटीत चढला. दौंडला त्याला मालधक्क्यावर हमालीचं काम मिळणार होतं.

मग खंडू आला. आणि मला एक अशी गोष्ट कळली, जी कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हती. खंडूची सासुरवाडी शिरूर.

पहिला आठवडा नव्या जावयासारखा गेला. पुरणपोळी, तूप, दुसऱ्या दिवशी मटण. दुसऱ्या आठवड्यात चुलत सासऱ्यानं बोलावलं. तिसऱ्या आठवड्यात मेव्हणीकडं. सरावाला यायचा तो ढेकर देत. नेम अजून तसाच अचूक होता, पण चेंडू त्याच्या हातात नेऊन द्यावा लागे. एक पाऊल पुढं टाकायचं तर तो आधी चेंडूचा आणि मग पोटाचा विचार करी. मी त्याच्या सासूबाई साखरबाईंना जाऊन हात जोडले, की होळीपर्यंत जरा हात आखडता घ्या. त्या भडकल्या. "जावायाला उपाशी ठिवू? माझ्या दारात? तुमचा त्यो चेंडू घाला चुलीत!" गल्लीतल्या चार बायका बाहेर आल्या. मी छत्री विसरून परतलो, आणि ती आणायला मला पुन्हा जायचं धाडस झालं नाही.

रविवार उजाडला. दुपारी चार वाजता मैदानावर तीनशे माणसं. सर्जेराव खुर्चीवर. आणि त्यांच्या मागं कडब्यानं शिगोशीग भरलेल्या दोन बैलगाड्या, जुवाला बैल जुंपलेले. "सोमवारी कशाला," ते म्हणाले, "आज सांजच्यालाच उतरवू. लागलं तर."

दौंडचा संघ उतरला तेव्हा मी मोजलं. पाचच! त्यांचा एकजण अचानक ड्युटीवर गेला होता, एकजण तापानं फणफणलेला. आणि पाचवा होता संपत. पांढरी बनियन, खाकी चड्डी आणि पायात काही नाही.

माझ्या डोक्यात वीज चमकली. जिल्हा संघटनेची नियमावली खिशातच होती. पान नऊ : प्रत्येक खेळाडूने बूट घालणे आवश्यक. पान चार : पाच खेळाडू नसल्यास सामना सुरू होणार नाही व प्रतिपक्षास विजयी घोषित करावे. मी बाकावर बसून फुलस्केप कागदावर हरकतीचा अर्ज लिहिला. घाईतही एक वेलांटी चुकली नाही. मारुतरावांपुढं धरला.

मारुतरावांनी दोन्ही पानं वाचली, पुन्हा वाचली. "नियम आहे," ते हळूच म्हणाले.

लोकांत आधी कुजबुज झाली, मग शिट्ट्या. आप्पांनी माझ्या पाठीत गुद्दा घातला. "वाचिवलंत भाऊसाहेब! कायद्यानं वाचिवलंत!" सर्जेरावांनीसुद्धा मान डोलावली. दोन वर्षांत मला असं मोठं वाटलं नव्हतं.

"त्याच्या मापाचा जोड मुंबईहून यायचाय," पोपटराव म्हणाले. "आमच्यातल्या कुणाचा त्याला होत नाही. पण बूटच पाहिजेत ना? मग तुमच्याकडं आहेत की त्याचे. द्या."

हे मला नाकारता येईना. क्लबच्या पेटीतून बूट काढले आणि मैदानाच्या मधोमध संपतपुढं ठेवले. तो खाली बसला. तीनशे माणसं बघत होती. त्यानं उजवा पाय घातला. तळवा गेला, टाच बाहेर. बोटं मुडपली, दात आवळले, पुन्हा रेटलं. टाच बाहेरच. पाच आठवडे अनवाणी राहिलेला पाय आता मुडपून घ्यायला तयार नव्हता.

मी वाकून जवळ गेलो. त्याच्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी. एक तर निघून नवं येत होतं. करंगळ्यांवर जुन्या जखमांचे गट्टे.

"हे बूट याचे नाहीत," मारुतराव म्हणाले.

"त्याचेच आहेत," मी म्हणालो. "मी आणलेत."

मागून आप्पा पुटपुटले, "च्यायला. जनावर घेताना पयलं खूर बघत्यात. मानसाचं कुणी बघितलंच न्हाई." पोपटरावांनी मात्र बघितलं होतं.

संपत अजून रेटतच होता. "बसंल, भाऊसाहेब," तो म्हणाला. "जरा दम धरा. मागं बसायचा की."

मी अजून गप्प राहिलो असतो, तर मैदान वाचलं असतं. हे मला तेव्हा स्वच्छ कळत होतं. कागद नियमाला धरून होता, सही माझी होती, मागं कडब्याच्या गाड्या होत्या आणि समोर ती काळी नखं होती. मी मारुतरावांच्या हातून अर्ज ओढून घेतला.

"हरकत मागं घेतली. अनवाणी खेळू द्या त्याला."

मग जो आरडाओरडा झाला त्यातलं मला सांगण्यासारखं फार थोडं आहे. आप्पांनी माझ्या वाडवडिलांची चौकशी केली. आमच्याच शिंप्यानं मला फितूर म्हटलं. सर्जेराव खुर्चीवरून उठले, पण मारुतरावांनी शिट्टी फुंकली आणि चेंडू वर उडाला.

चेंडूबरोबर संपतही उडाला. मी बाकावरून चार वर्षं खेळ पाहिला होता, पण असा पाहिला नव्हता. तो मुरमावर हरणासारखा वळत होता. खंडूनं जागेवरून सात वेळा नेम साधला. जावई असला तरी नेमबाज होता. आमच्या मास्तरांनी जिवाचं रान केलं. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा आम्ही अठ्ठावीस, दौंड सत्तावीस. बैलांनी माना हलवल्या, घुंगरं वाजली, बाकी सगळं चिडीचूप. चेंडू संपतकडं आला. आमचे तिघं त्याच्या अंगावर गेले. तो तिघांच्या डोक्यावरून वर गेला आणि वरच थांबल्यासारखा वाटला. चेंडू कडीवर एकदा फिरला, दोनदा फिरला, आणि मी आणलेल्या जाळीतून खाली पडला.

एकोणतीस–अठ्ठावीस. आठवी हार.

लोक हळूहळू सर्जेरावांकडं पाहू लागले. गाडीवाल्यांनी दोर सोडायला हात घातला. सर्जेराव अजून त्या कडीकडंच बघत होते.

"ह्यो आपल्या निमुण्याचा?" त्यांनी विचारलं.

"होय," मी म्हणालो.

"परत कवा यायचा ह्यो खेळायला?"

"दिवाळीत. सामना ठरला तर. मैदान असलं तर."

सर्जेरावांनी गाडीवाल्यांना हात केला. "न्या मळ्यात परत. तितंच रचा." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "जागा ऱ्हाईल. सेक्रेटरी बदला."

मी मान खाली घातली. यावर हरकत घेण्यासारखं काही नव्हतं.

मंडळी पांगली तेव्हा संपत माझ्यापाशी आला. हातात तेच बूट, पुन्हा वर्तमानपत्रात बांधलेले. "भाऊसाहेब, रागावलात?"

"अरे, बोलला का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलोच. "होत नाहीत, एवढं सांगायला काय झालं होतं?"

तो पायाच्या बोटानं मुरूम उकरत राहिला. "तुमी पुण्यास्नं आणलं व्हतं. माज्यासाटी कवा कुणी पुण्याला गेलं नव्हतं. मागारी कसं द्यायचं?"

हरकतीचा अर्ज अजून मुठीत चुरगळलेला होता. तो बाकावर पसरला, हातानं सपाट केला, पालथा करून जमिनीवर ठेवला.

"उभा राहा याच्यावर."

"भाऊसाहेब, सरकारी कागद हाय—"

"उभा राहा म्हणतो ना."

तो उभा राहिला. मी गुडघ्यांवर बसलो आणि खिशातलं पेन काढून त्याच्या पायाभोवती रेघ ओढत गेलो. नव्या नखापाशी पेन हळू धरलं. टाचेची रेघ पुरी करून कागद उचलला तेव्हा बघितलं, पालथ्या बाजूच्या माझ्या सहीवर बरोबर त्याची टाच होती.

पुढच्या रविवारी मी पुण्याला गेलो. तेच दुकान, तोच आरसा, तोच दुकानदार. त्यानं मला ओळखलं आणि हसत खुर्ची पुढं केली. "या साहेब. घालून बघणार ना? उडी मारून?"

"नको," मी म्हणालो आणि घडी उलगडली. "हा कागद बघा."